छर्रे खाल्लेला बेडूक

या गोष्टीतली लबाडी मी सुरुवातीलाच सांगून टाकते. बेडकाविरुद्ध बेडूक अशी पैज ठरते. परक्या गड्याकडे बेडूक नसतो, म्हणून जिम स्मायली स्वतःच त्याच्यासाठी एक बेडूक धरून आणायला दलदलीत जातो. जाताना आपला शिकवून तयार केलेला बेडूक पेटीसकट त्याच परक्याच्या हाती ठेवून जातो. परका थोडा वेळ विचार करत बसतो. मग बेडकाचा जबडा उघडतो, चहाचा चमचा घेतो आणि लावे मारायचे शिशाचे छर्रे त्याच्या पोटात भरतो, पार हनुवटीला टेकेपर्यंत. हे छर्रे मोहरीहून जरासेच मोठे असतात, पण शिसं ते शिसं. स्मायली परत येतो, दोघं आपापल्या बेडकाला मागून डिवचतात. दलदलीतला नवखा टुणकन उडून जातो आणि नावाजलेला बेडूक नुसते खांदे वर करून जागच्या जागी बसून राहतो. स्मायलीचे ४० डॉलर जातात.

प्रस्तावनेत गोष्टीचं गुपित फोडू नये असा संकेत आहे. तो मी मोडला, कारण मार्क ट्वेननं ही गोष्ट १८६५ मध्ये लिहिली तेव्हाही हे गुपित नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या पट्ट्यात, सोनोरा आणि सॅन अँड्रियास इथल्या वर्तमानपत्रांत, अशाच जड केलेल्या बेडकाची हकिकत १८५३ आणि १८५८ साली छापून आली होती. खाणकामगारांच्या तोंडी ती त्याच्याही आधीपासून असणार. म्हणजे युक्ती जुनी, बेडूक जुना, पैजही जुनी. तरीही त्या आधीच्या हकिकती आज फक्त अभ्यासक शोधून काढतात आणि ट्वेनची गोष्ट लोक अजून एकमेकांना वाचून दाखवतात. हा फरक कशानं पडला, हे मला अनुवाद करता करता हळूहळू कळत गेलं, आणि तेवढंच इथं सांगायचं आहे.

सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे आपला मार्क ट्वेन, तेव्हा २९ वर्षांचा होता. मिसिसिपी नदीवर आगबोट हाकण्याचा परवाना त्याला १८५९ मध्ये मिळाला होता, पण १८६१ च्या यादवी युद्धानं नदीवरची वाहतूक बंद पाडली आणि तो भावाबरोबर नेवाडात गेला. तिथं चांदीच्या खाणीत हात पोळून घेतल्यावर त्यानं वर्तमानपत्राची नोकरी धरली आणि १८६३ मध्ये ‘मार्क ट्वेन’ ही सही पहिल्यांदा केली. बोटीवर पाण्याची खोली मोजणारा माणूस दोन वाव पाणी आहे, बोट जाईल, हे सांगायला जी आरोळी देतो, ती ही. पुढं सॅन फ्रान्सिस्कोत बातमीदारी केली, तीही सुटली. १८६४ च्या डिसेंबरात तो जिम गिलिस नावाच्या मित्राच्या लाकडी खोपटात राहायला गेला. त्या टेकडीचं नाव जॅकॅस हिल, म्हणजे गाढवटेकडी.

जवळच कॅलव्हेरास परगण्यात एंजल्स कॅम्प हे गाव आहे. १८४८ च्या जानेवारीत कोलोमाला सोनं सापडलं, पाठोपाठ जगभरातून माणसं धावली आणि अशी गावं रातोरात उभी राहिली. १८६५ पर्यंत ओढ्यांच्या वाळूत हाताला लागणारं सोनं उपसून झालं होतं. पैसेवाले, तरुण, घाईतले सगळे निघून गेले होते. मागं राहिले ते दुसरीकडं जाण्याचं त्राण नसलेले, किंवा उद्या एखादी शीर लागेल या आशेवर टेकडी खणत बसलेले लोक. त्या जानेवारीत तिथं पाऊस लागून राहिला होता. खणायला जाता येईना. हॉटेलातल्या शेगडीपाशी बसून राहायचं आणि जो बोलेल त्याचं ऐकायचं, एवढाच उद्योग. बोलणारा होता बेन कून, इलिनॉयकडचा एक जुना बोटचालक. त्यानं बेडकाची हकिकत सांगितली. ट्वेननं वहीत दोन-तीन ओळींत टिपून ठेवली: कोलमन नावाचा माणूस, ५० डॉलरची पैज, परक्याकडे बेडूक नाही, छर्रे. झालं.

पण ट्वेनच्या मनात राहिलं ते वहीतल्या टिपणापेक्षा वेगळंच होतं. अनेक वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यानं या गोष्टीची जन्मकथा लिहिली. तिच्यात तो सांगतो की सांगणारा ती विनोद म्हणून सांगतच नव्हता. घडलेला इतिहास सांगावा तशी सांगत होता, आणि ऐकणारेही तितक्याच गांभीर्यानं ऐकत होते. त्यांच्या लेखी त्यात विचार करण्याजोग्या दोनच बाबी होत्या. एक, फसवणाऱ्याची हुशारी. दुसरी, त्याला असलेलं बेडकाच्या स्वभावाचं ज्ञान, कारण बेडकाला छर्रे आवडतात हे त्या मंडळींना मान्य होतं. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

हे वाचलं आणि मला गुऱ्हाळ आठवलं. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. थंडीत गुऱ्हाळ सुरू झालं की आम्ही मुलं रात्री चुलवाणाच्या उबेला जाऊन बसायचो. तिथं एक म्हातारे गुळव्या होते. काहिलीतला रस उकळायला लागला की लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची मळी काढत काढत ते आपल्या एका जुन्या बैलाची गोष्ट सांगायचे. तो बैल शर्यतीत कुणाला हार जायचा नाही. पण त्याला दया फार. पुढं निघून गेला की मागं राहिलेल्या जोडीची त्याला कीव यायची, आणि निशाणाच्या दहा पावलं अलीकडं थांबून तो वळून वाट बघायचा. तेवढ्यात दुसरे पुढं जायचे. अशा सात शर्यती गेल्या. ‘बैलाचा दोष न्हवं,’ म्हातारे म्हणायचे आणि झारा काहिलीच्या काठावर दोनदा ठोकायचे. एकदा मुंबईहून आलेला माझा मामेभाऊ मोठ्यानं हसला. म्हाताऱ्यांनी झारा थांबवला, त्याच्याकडं बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, ‘हसाया काय झालं?’ त्याचं हसू तिथल्या तिथं विरलं. मग आम्ही सगळे त्या बैलाबद्दल हळहळत घरी आलो. खरं-खोटं कुणी विचारलं नाही. ती लोणकढी थाप होती हे मला कळायला पुढची दहा वर्षं लागली. आणि कळल्यावरही बैलाबद्दलची हळहळ काही गेली नाही.

ट्वेनचा सायमन व्हीलर हा त्याच जातीचा माणूस आहे. जाड, टकल्या, चेहऱ्यानं साधाभोळा, ओस पडत चाललेल्या खाणगावातल्या मोडकळीला आलेल्या दारूच्या गुत्त्यात शेगडीपाशी पेंगत बसलेला. शहरातून आलेला निवेदक त्याच्याकडे लिओनिडास स्मायली नावाच्या एका धर्मोपदेशकाची चौकशी करतो. व्हीलर त्याला कोपऱ्यात गाठतो, खुर्ची आडवी लावून वाट अडवतो आणि लिओनिडास सोडून भलत्याच जिम स्मायलीची कहाणी लावतो. बोलताना तो एकदाही हसत नाही, कपाळाला आठी घालत नाही, आवाज चढवत नाही की उतरवत नाही. त्याच्या दृष्टीनं जिम स्मायली आणि त्याला फसवणारा परका हे दोघेही विलक्षण बुद्धीचे पुरुष आहेत आणि त्यांची कर्तबगारी नीट सांगितली गेली पाहिजे. ट्वेननं १८९५ मध्ये गोष्ट सांगण्याच्या कलेवर एक निबंध लिहिला. विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगावी, तिच्यात हसण्यासारखं काही आहे याची आपल्याला शंकाही नाही असं दाखवावं, हे त्यातलं त्याचं म्हणणं. तीस वर्षांपूर्वी एंजल्स कॅम्पच्या शेगडीपाशी तो तेच शिकून आला होता.

मला वाटतं, या गांभीर्याच्या मुळाशी आदर आहे. व्हीलरला स्मायलीची जनावरं खरोखर थोर वाटतात. स्मायली कशावरही पैज लावणारा माणूस. घोड्यांची शर्यत, कुत्र्यांची झुंज, मांजरांची, कोंबड्यांची. कुंपणावर दोन पाखरं बसलेली दिसली तर आधी कोणतं उडेल यावर. एखादा किडा कुठं निघालाय यावर, आणि मग त्याचा मुक्काम बघायला त्याच्या मागोमाग मेक्सिकोपर्यंत जायची तयारी. धर्मोपदेशकाची बायको आजारातून उठतेय असं ऐकल्यावरही भान न राहता तो ती उठणार नाही यावर पैज बोलून जातो. हे वाचताना मी पहिल्यांदा दचकले होते. त्या माणसात दुष्टपणा कणभर नाही. पैज ही त्याची बोलण्याची रीत आहे, आपण ‘बरं का’ म्हणतो तशी.

त्याची घोडी घ्या. पोरं तिला पंधरा मिनिटांची घोडी म्हणून चिडवत. तिला दमा, नाहीतर क्षय, नाहीतर असंच काहीतरी कायम लागलेलं. दोन-तीनशे यार्ड आधी सोडायचे, तरी बाकीची घोडी तिला मागं टाकत. पण शर्यत संपत आली की तिच्या अंगात यायचं. पाय चारी दिशांना फेकत, धुरळा उडवत, खोकत, शिंकत, नाक फुरफुरत ती बरोबर मानेएवढ्या अंतरानं जिंकायची. आणि कुत्रा. अँड्र्यू जॅक्सन हे त्याचं नाव, अमेरिकेच्या सातव्या अध्यक्षाचं, जो स्वतः घोड्यांच्या शर्यतींचा मोठा शौकीन होता. या कुत्र्याकडे पाहून कुणी दोन पैसे देणार नाही. झुंज लागली की पैजेची रक्कम दुप्पट होईपर्यंत तो मुकाट मार खायचा आणि मग समोरच्या कुत्र्याचा मागचा पाय सांध्यात धरून नुसता लटकून राहायचा, समोरच्यानं हार मानेपर्यंत.

शेवटी त्याच्यासमोर असा कुत्रा आणला जातो, ज्याचे मागचे पाय लाकूड कापायच्या गोल करवतीनं तुटलेले आहेत. अँड्र्यू जॅक्सन सवयीनं पाय धरायला जातो आणि धरायला पाय नसतो. तो गोंधळतो, आणि मालकाकडे असा बघतो की माझं काळीज मोडलं, आणि चूक तुमची आहे, असा कुत्रा माझ्यापुढं आणायलाच नको होता. मग लंगडत थोडा दूर जातो, आडवा होतो आणि मरतो. कुत्र्यांच्या झुंजी क्रूर आहेत. आपल्याकडच्या एडक्यांच्या टकरी, कोंबड्यांच्या झुंजी, गोव्यातले धिरयो यांच्याविषयी मला जे वाटतं तेच इथंही वाटतं. तरीही हा परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसत होते आणि गळ्याशी काहीतरी आलं होतं, दोन्ही एकदमच. व्हीलर त्या कुत्र्याला दोष देत नाही. त्याच्यात अस्सल दम होता, संधी मिळाली असती तर त्यानं नाव काढलं असतं, असं तो कळवळून सांगतो. मोजक्या शब्दांत एका कुत्र्याला इतका सन्मान फार थोड्या लेखकांनी दिला असेल.

बेडकाचं नाव डॅनल वेब्स्टर, तेव्हाच्या पिढीला ठाऊक असलेल्या एका थोर संसदपटूचं आणि वक्त्याचं. ‘डॅनियल’चं ‘डॅनल’ झालं ते व्हीलरच्या जिभेवर. स्मायली तीन महिने दुसरं काहीही करत नाही, परसात बसून या बेडकाला उडी मारायला शिकवतो. बेडकाला फक्त शिक्षण हवं, मग तो काहीही करू शकेल, अशी त्याची श्रद्धा आहे. आणि इतका गुणवान असूनही डॅनलला गर्व म्हणून नाही, हे व्हीलर आवर्जून सांगतो. म्हणूनच शेवटच्या प्रसंगाला धार येते. परका माणूस बेडकाकडे खालीवर बघून म्हणतो की इतर बेडकांहून वेगळं असं याच्यात मला काही दिसत नाही. इथं दुखावले जातात ते तीन महिन्यांचे कष्ट आणि विश्वास. ४० डॉलर त्याच्या पुढं काहीच नाहीत.

गोष्ट छापली गेली तीही चुकामुकीतून. आर्टेमस वॉर्ड या विनोदी लेखकानं आपल्या पुस्तकासाठी ती मागितली होती. ट्वेनचं हस्तलिखित उशिरा पोचलं, पुस्तकात जागा उरली नव्हती. प्रकाशकानं ते न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे प्रेस’ या साप्ताहिकाला देऊन टाकलं आणि १८ नोव्हेंबर १८६५ ला ते छापून आलं. महिन्याभरात देशातली वर्तमानपत्रं ते पुन्हा पुन्हा छापू लागली. ट्वेनला याचा आनंद होण्याऐवजी वाईट वाटलं. आईला लिहिलेल्या पत्रात त्यानं तक्रार केली की इतकं सगळं लिहिलं आणि लोकांनी नेमका हा रानवट तुकडा डोक्यावर घेतला. १८६७ मध्ये याच बेडकाच्या नावानं त्याचं पहिलं पुस्तक निघालं. १८७० पर्यंत मात्र राग निवळला होता. गिलिसला त्यानं लिहिलं की त्या पावसात ऐकलेली गोष्ट अमेरिका, हिंदुस्थान, चीन, इंग्लंड इथवर पोचली आणि तिनं मिळवून दिलेल्या नावावर हजारो डॉलर आले. म्हणजे १८९६ च्या जानेवारीत कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्यानं देत निघालेला ट्वेन मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला, त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी त्याचा बेडूक आपल्या देशात येऊन गेला होता.

आता अनुवादाबद्दल. या गोष्टीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला एक धाक असतो. १८७२ मध्ये पॅरिसच्या एका प्रतिष्ठित मासिकात तिचा फ्रेंच अनुवाद आला. ट्वेन इतका चिडला की त्यानं तो फ्रेंच मजकूर शब्दाला शब्द ठेवून परत इंग्रजीत आणला आणि १८७५ मध्ये तिन्ही पाठ एकत्र छापले, आपल्या बेडकाची काय दशा झाली ते जगानं बघावं म्हणून. दुसरा प्रकार याहून नवलाचा. एका प्राध्यापकानं ट्वेनला सांगितलं की तुमची गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये घडलेली आहे, आणि ग्रीक पाठ्यपुस्तकातला उतारा दाखवला. ट्वेननं ते खरं मानलं आणि एकच घटना दोनदा घडली याचं आश्चर्य करत लेखही लिहिला. पुढं उलगडा झाला तो असा: आर्थर सिज्विक या इंग्रज पंडितानं ट्वेनचीच गोष्ट ग्रीक पेहराव चढवून भाषांतराच्या धड्यासाठी वापरली होती.

फ्रेंच अनुवादात हरवली ती व्हीलरची बोली. मराठीत ती आणायची तर कोणती? मालवणी घेतली की समुद्र येतो, वऱ्हाडी घेतली की कापसाची शेतं येतात, आणि एंजल्स कॅम्प पुसलं जातं. सात-आठ खर्डे झाल्यावर मी एका मुलखाची बोली सोडली आणि गुऱ्हाळावरच्या म्हाताऱ्यांची लय तेवढी धरली: वाक्य संपत आलं असं वाटतं आणि ‘आन्’ म्हणून पुढं चालू होतं. मूळ गोष्टीत डॅनल हवेत कोलांटी घेतो ती तेलात तळायच्या गोल, भोकाच्या पिठाच्या पदार्थासारखी, डोनटसारखी. इथं मी कढईतला मेदूवडा घेतला. तोही झाऱ्यानं कड उचलली की असाच गर्रकन उलटतो. माणसांचं, गावांचं, जनावरांचं नाव मात्र एकही बदललं नाही. बेडकाला एखाद्या मराठी पुढाऱ्याचं नाव द्या, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. मी ऐकलं नाही. डॅनल वेब्स्टर कॅलव्हेरासचा आहे.

आणि तिथं तो अजून आहे. एंजल्स कॅम्पचा मुख्य रस्ता पक्का झाला त्याच्या आनंदात १९२८ मध्ये लोकांनी बेडूकउड्यांची स्पर्धा भरवली, ती आजही मे महिन्यात जत्रेसारखी भरते. तीन उड्या एकापाठोपाठ मारायच्या आणि सुरुवातीपासून तिसऱ्या उडीच्या जागेपर्यंत सरळ रेषेत मोजायचं. बेडकामागं माणसं पाय आपटतात, ओरडतात, जमिनीवर थापा मारतात. १९८६ मध्ये ‘रोझी द रिबिटर’ नावाच्या बेडकीनं २१ फूट पावणेसहा इंचांचा पल्ला गाठला. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत याच जातीचे बेडूक एका उडीत जेमतेम १.३ मीटर जात. काही संशोधकांनी या जत्रेत येऊन चित्रण केलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं की इथं २.२ मीटरपर्यंतच्या उड्या पडतात. फरक होता तो बेडूक नीट ओळखणाऱ्या माणसांचा. हे वाचल्यावर परसात तीन महिने बसलेल्या स्मायलीविषयी माझं मत आणखी चांगलं झालं.

दुःखाची गोष्ट अशी की स्पर्धेत उतरतात ते पूर्वेकडून आणलेले बुलफ्रॉग. डॅनल ज्या जातीचा असावा, तो कॅलिफोर्नियाचा मूळचा लाल पायांचा बेडूक दुर्मिळ होत गेला. पाणथळ जागा गेल्या, वर बाहेरून आलेले हे बुलफ्रॉग त्याला खाऊ लागले. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियानं त्याला राज्याच्या उभयचराचा मान दिला आहे. तो त्या ओढ्यांत टिकावा, असं मला फार वाटतं.

गोष्ट शक्यतो मोठ्यानं वाचा, आणि वाचताना हसू नका. ऐकणाऱ्यांना हसू द्या. व्हीलरच्या बोलण्यात मी परिच्छेद पाडलेले नाहीत, कारण तो श्वास घ्यायला थांबत नाही. शेवटी त्याला बाहेरून कुणीतरी हाक मारतं. परत येऊन तो स्मायलीच्या एका पिवळ्या, एकडोळ्या, शेपूट नसलेल्या गाईची कहाणी सुरू करतो, आणि निवेदक वैतागून निघून जातो. ती गाय ट्वेननं पुढं कधी सांगितली नाही. मी त्या निवेदकाच्या जागी असते तर बसून राहिले असते.